नकाशांच्या खोलीतले नऊ कप

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात हजेरी आणि दाखल्यांचं टेबल ज्या बाई सांभाळायच्या, त्यांना मुलं पाठीमागे भिंगबाई म्हणायची. आम्ही ताई म्हणायचो. माझं टेबल परीक्षा विभागाचं, त्यांच्या शेजारीच, मधे फक्त एक लोखंडी कपाट. ही गोष्ट घडली तोवर सोळा वर्षं मी त्या कपाटाच्या अलीकडे बसत होते आणि त्या पलीकडे. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाच्या नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवलेला मी पाहिला नाही. "तू काय सांगतोस ते राहू दे, कागद काय म्हणतोय ते दाखव," हे त्यांचं पालुपद.

भिंग खरोखरीचं होतं. खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेलं. एकदा एका मुलाने कावीळ झाल्याचा दाखला आणला. ताईंनी सही पाहिली, शिक्का पाहिला, मग मुलाकडे पाहिलं.

"डॉक्टरांकडे कधी गेला होतास?"

"गेल्या सोमवारी."

"कसे आहेत?"

"बरे आहेत की."

"नशीब त्यांचं. मागच्या वर्षी वारले, तेव्हा मी घरी जाऊन भेटून आले होते."

बापाच्या सहीतली वेलांटी आणि मुलाच्या अर्जातली वेलांटी बहिणी-बहिणी आहेत, हे त्या हातभर अंतरावरून सांगायच्या. मुलं त्यांच्या खिडकीशी उभी राहताना खरा दाखला असला तरी घाबरायची. आणि खरं सांगते, आम्हीही थोडे वचकून असायचो. रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं, की त्या चष्म्यावरून बघायच्या.

त्यांचे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. शांत माणूस. ऑफिसात कधी आले तर म्हणायचे, "दिवसभर लोकांना वर नेतो आणि संध्याकाळी घरी गेलो की माझी उलटतपासणी." एकच मुलगी, आमच्याच कॉलेजात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. घरात तिचं नाव टकळी, कारण तिचं बोलणं थांबायचं नाही. ताईंचा डबा विसरला की ती घेऊन यायची आणि दोन मिनिटांत सगळ्या ऑफिसची खबरबात विचारून जायची. या पोरीची ताईंना कधीच काळजी वाटली नाही. "सगळं ओकून टाकते. पोटात काही ठेवतच नाही," असं त्या कौतुकाने म्हणायच्या.

त्या वर्षी प्राचार्यांचं एक पत्र ताईंच्या टेबलावर आलं आणि तिथून सगळं सुरू झालं. पत्र चार ओळींचं. समुपदेशक बाई नव्याने नेमल्या आहेत. दर बुधवारी तीन ते पाच काही विद्यार्थ्यांची गट-बैठक होईल. त्या वेळेची हजेरी धरावी. नावं समुपदेशक बाईंकडेच राहतील, ऑफिसात येणार नाहीत.

ताईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे टाकलं. "नाव नाही आणि हजेरी आहे. असं भुताचं असतं, विद्यार्थ्याचं नसतं."

"मनाच्या तक्रारी असतील गं ताई. लोकांना कळू नये म्हणून."

"कळू नये म्हणजे काय कळू नये, तेच तर कळायला हवं. कुठंतरी पाणी मुरतंय."

बैठक भरायची भूगोल विभागाच्या जुन्या नकाशांच्या खोलीत. गुंडाळलेले नकाशे भिंतीला टेकवलेले, एक मोडका पृथ्वीगोल, आणि मधे गोलात मांडलेल्या खुर्च्या. दाराच्या काचेला आतून जाड कागद लावून टाकलेला. तो कागद ताईंना फार खुपला. "उघड्यावर बोलता येत नाही असं काय बोलतात?"

समुपदेशक बाईंना त्यांनी पहिल्या दिवशी नखशिखांत न्याहाळलं. पन्नाशीची, सर्दीने सदा नाक लाल, खांद्याला कापडी पिशवी. बोलणं इतकं हळू की कान पुढे करावा लागे. ताई म्हणाल्या, "माणूस मुद्दाम हळू बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला जवळ ओढायचं असतं. क्लासवाले पोरं ओढतात, पक्षवाले ओढतात, कुठले कुठले पंथवाले ओढतात. ही कुणाची आहे ते बघायला हवं."

त्यांच्या खिडकीतून नकाशांच्या खोलीकडे जाणारा व्हरांडा सरळ दिसायचा. बुधवारी तीन वाजायला दहा मिनिटं असताना ताई खिडकीशी फाईल घेऊन उभ्या राहायला लागल्या. कोण गेलं ते बघायच्या आणि बोटांवर मोजायच्या. सात जण जायचे. पहिल्या वर्षाचा एक उंच मुलगा, मान खाली. दोघी जणी कायम एकत्र. तिसऱ्या वर्षाची, आखूड केसांची एक मुलगी, जी दारापर्यंत जाऊन परत फिरायची आणि पुन्हा जायची. पाचला सगळे बाहेर. एक डोळे पुसत, त्याच्या मागून दुसरा हसत. हे तर ताईंना अजिबात पटलं नाही. "एकाच खोलीतून एक रडत आणि एक हसत. काय प्रकार आहे?"

तिसऱ्या बुधवारी त्या साडेपाचला नकाशांच्या खोलीत गेल्या. मला हाताला धरून नेलं. खोली रिकामी. कचऱ्याच्या डब्यात कागदी कप. त्यांनी ते एकेक करून मोजले.

"नऊ," त्या म्हणाल्या.

"मग?"

"सात मुलं. एक ती बाई. आठ झाले. नववा कोणाचा?"

"कुणीतरी दोनदा चहा घेतला असेल."

"नवव्या कपात घोटभर चहा शिल्लक आहे. दोनदा घेणारा उरवत नाही." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मागच्या बाजूला प्रयोगशाळेकडे उघडणारं एक दार होतं, नकाशांच्या आड. तिथून मागचा जिना. "कुणीतरी मागच्या दाराने येतंय. ज्याला माझ्या खिडकीसमोरून जायचं नाही असं कुणीतरी."

माझ्याही मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू. बाहेरचा कुणी माणूस आणून मुलांसमोर बसवतात की काय, असं मलाही वाटून गेलं.

ताई तडक प्राचार्यांकडे गेल्या. त्यांनी नऊ कपांचा विषय काढला नाही, त्या तेवढ्या हुशार होत्या. त्या म्हणाल्या, "सर, पालकांचे संमतीअर्ज घेतलेत ना? उद्या कुणी पालक भांडायला आला आणि सही खोटी निघाली, तर नाव तुमचं येईल." प्राचार्य भित्रे. दुसऱ्याच दिवशी आपल्या कपाटातलं संमतीअर्जांचं बंद पाकीट ताईंच्या हातात देऊन म्हणाले, "फक्त सह्या बघा. बाकी काही वाचू नका. सोमवारपर्यंत मला लेखी द्या. आणि समुपदेशक बाईंना यातलं बोलू नका."

दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर ताईंनी पाकीट उघडलं. प्रवेशाच्या वेळच्या अर्जांची फाईल शेजारी घेतली, भिंग काढलं. एकेक संमतीअर्ज, मग तीच सही प्रवेशअर्जावर. पहिला खरा. दुसरा खरा. तिसरा, चौथाही. पाचव्यावर त्या थांबल्या. आखूड केसांच्या त्या मुलीचा.

"ही बघ. बापाचं नाव लिहिलंय, पण हात पोरीचा आहे. बापाची सही कशी, एका दमात फेकलेली. ही कशी, जपून काढलेली, रांगोळीसारखी." त्यांच्या आवाजात आनंद होता. मासा गळाला लागल्यावर होतो तसा.

सहावा, सातवा खरा. मग आठवा हातात घेतला आणि त्यांनी भिंग लावलंच नाही. नुसत्याच बघत राहिल्या. मी मान वाकवून पाहिलं. सही त्यांच्या मिस्टरांची होती. वर नाव टकळीचं. मागच्या दाराने येणारी तीच.

मी काहीतरी बोलणार होते. त्यांनी तो अर्ज सगळ्यांच्या खाली सरकवला, पाकीट बंद केलं, भिंग फडक्यात गुंडाळलं. मग म्हणाल्या, "सही खरी आहे." आणि उठून नळावर तोंड धुवायला गेल्या.

पुढचं मला त्यांनी नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी काहीही विचारलं नाही. टकळीची टकळी चालूच होती: आज प्रयोगशाळेत कुणी काय फोडलं, कोणत्या सरांनी काय विनोद केला. ताई ऐकत होत्या आणि पहिल्यांदाच लक्षात येत होतं, की या सगळ्या बोलण्यात ती स्वतः कुठेच नाही. सगळं दुसऱ्यांचं. मुलगी जेवायची, हसायची, आणि आपल्या खोलीचं दार लावताना चेहरा असा पुसला जायचा की जणू कुणी फळा पुसला. ताईंनी तिची बॅग तपासली. वह्यांच्या शेवटच्या पानांवर चौकटी काढलेल्या होत्या, शेकडो, एकात एक, पानभर. बाकी काही नाही.

मिस्टरांना त्यांनी इमारतीच्या जिन्यात गाठलं, मुलीच्या कानावर पडू नये म्हणून.

"माझ्यापासून लपवलंत?"

"लपवलं," ते म्हणाले. एवढा शांत माणूस, पण त्यांनी मान खाली घातली नाही. "तिनं विनवलं होतं."

"का?"

मग त्यांनी सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी ते एका जुन्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करत होते. कॉलेजच्या वेळेत टकळी तिथं आली. लिफ्टचा पाळणा तळमजल्यावर बंद करून ठेवला होता. ती आत जाऊन कोपऱ्यात बसली. ते म्हणाले, अगं काय झालं? ती म्हणाली, "बाबा, मला इथं बसू द्या. इथं कुणी काही विचारत नाही." दीड तास बसली. ते बाहेर बसून नट घासत राहिले, जे घासायची गरज नव्हती. शेवटी ती म्हणाली, की सकाळी उठावंसं वाटत नाही. वर्गात बसलं की वाटतं, काचेच्या पलीकडे सगळं चाललंय. कशालाच काही अर्थ नाही, आणि हे कुणाला सांगावं तर लोक म्हणतील, तुला काय कमी आहे?

"मला का नाही सांगितलं?" ताईंनी विचारलं.

"म्हणाली, आईला सांगितलं तर ती पुरावा मागेल."

ताई मला हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. टेबलावरचे पेन सरळ लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या समुपदेशक बाईंकडे गेल्या. भांडायलाच. पण आत गेल्यावर त्यांना कळेना कुठून सुरुवात करावी. समुपदेशक बाई नाक पुसत म्हणाल्या, "बसा. तुम्ही ऑफिस म्हणून आलात की आई म्हणून?"

म्हणजे हिला माहीत होतं. ताईंचा संशय आणखी चढला. "दोन्ही," त्या म्हणाल्या.

"मग दोघींनाही एकच उत्तर आहे. आत कोण काय बोलतं, ते मी सांगणार नाही."

"माझी मुलगी माझ्याबद्दल काय बोलते?"

"हेही सांगणार नाही."

"मग करता तरी काय इथं? दार लावून?"

समुपदेशक बाईंनी ते मात्र सांगितलं. गोलात बसायचं. आठवडा कसा गेला ते ज्याला बोलायचंय त्यानं बोलायचं. कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, हा पहिला नियम, आणि तो पाळायला सगळ्यांत जड. मग शेवटचा अर्धा तास प्रत्येकानं एक लहानसं काम ठरवायचं, दुसऱ्या कुणासाठी तरी, आणि पुढच्या बुधवारी येऊन सांगायचं काय झालं. एक जण एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला पेपर वाचून दाखवतो. एक जण आपल्या धाकट्या भावाची सायकल दुरुस्त करायला शिकतोय. "जगण्याचा अर्थ काय, असं डोक्याला हात लावून बसलं की तो लागत नाही. कुणीतरी आपली वाट बघतंय एवढं कळलं, तर बुधवारपासून बुधवारपर्यंत तरी माणूस पोचतो."

"आणि याने बरं होतं?"

"काहींना होतं. काहींना डॉक्टरांकडेही पाठवते. काहींना वेळ लागतो. मी हमी देत नाही."

ताई मला म्हणाल्या, हमी दिली असती तर मी तिथंच उठून प्राचार्यांकडे गेले असते. 'हमी देत नाही' म्हणाली, म्हणून बसून राहिले. मग त्यांनी पाकिटाची गोष्ट सांगितली आणि खोट्या सहीची.

समुपदेशक बाईंचं हळू बोलणं एकदम गेलं. "तुम्ही अर्ज उघडलेत? मुलांना मी शब्द दिलाय!"  मग म्हणाल्या, "ती सही खोटी आहे हे मला माहीत नव्हतं. पण त्या मुलीला आता बाहेर काढलं, तर मला भीती वाटेल. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही."

शुक्रवार होता. सोमवारी लेखी द्यायचं होतं. नियम सरळ होता: सही खोटी, अर्ज रद्द, वर शिस्तीची कारवाई. सोळा वर्षांत ताईंनी अशी किती पोरं प्राचार्यांपुढे उभी केली असतील. मला वाटलं, हिलाही करतील. शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "चप्पल घाल. त्या पोरीच्या बापाकडे जायचंय. मला साक्षीदार पाहिजे."

बापाचं वेल्डिंगचं दुकान होतं. पुढे पत्र्याची शेड, खिडक्यांचे गज, फाटकं, अर्धवट जोडलेला एक जिना. काळा चष्मा कपाळावर सरकवून तो बाहेर आला. धिप्पाड माणूस, हाताच्या कातड्यावर ठिणग्यांचे डाग. कॉलेजमधून आलोय म्हटल्यावर पहिलं वाक्य, "पोरीनं काय केलं?"

"काही नाही. बसून बोलू," ताई म्हणाल्या.

त्या खोट्या सहीबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, एका गटासाठी तुमच्या मुलीचं नाव सुचवलंय, तुमची संमती हवी. गट कसला, तेही सांगितलं.

"हां, ते," तो म्हणाला. "मागे विचारत होती ती. मी नाही म्हटलं. डोकं फिरलेल्यांचं काम आहे ते. माझ्या पोरीला काही झालेलं नाही. आणि दार लावून बसतात म्हणे. काय बोलतात आत? बाहेरच्या बाईपुढं घरच्या गोष्टी? कोण आहे ती बाई? कुणाचं माणूस आहे?"

मला हसू आवरेना. शब्दन् शब्द ताईंचा होता.

ताई मात्र हसल्या नाहीत. स्टूल पुढे ओढून म्हणाल्या, "अगदी बरोबर विचारलंत. मीही हेच विचारलं. तीन आठवडे मी पाळत ठेवली. कोण जातं, कोण येतं, किती वाजता. कचऱ्यातले कप मोजले. त्या बाईची आधीच्या नोकरीची पत्रं मागवून वाचली, तिथं फोन करून विचारलं. मला एकही गोष्ट सापडली नाही. आणि मला सापडत नाही असं सहसा होत नाही. यांना विचारा."

मी मान हलवली. साक्षीदार म्हणून कशाला आणलंय ते मला तेव्हा कळलं. फोन केल्याचं मलाही पहिल्यांदाच कळत होतं.

"सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं कुठाय," वेल्डर म्हणाला.

"नाहीच," ताई म्हणाल्या. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला. पत्र्यावर ऊन तापत होतं. "माझी आई भिंतीकडे तोंड करून बसायची," त्या म्हणाल्या. "मी आठ वर्षांची होते. स्वयंपाक करता करता मधेच बसायची आणि उठायचीच नाही. एक दिवस मी शाळेतून आले तर ती नव्हती. मला सांगितलं, मावशीकडे गेली. मग सांगितलं, विषमज्वर झाला. मग सांगितलं, वारली. अकरावीत असताना वडिलांच्या ट्रंकेत मला इस्पितळाचे कागद मिळाले. मनाच्या इस्पितळाचे. चार वर्षं होती तिथं. जिवंत होती. मी त्याच गावात शाळेला जात होते, आणि मला कुणी नेलं नाही भेटायला. लोक काय म्हणतील म्हणून."

सोळा वर्षं. एका कपाटाच्या अंतरावर. मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

वेल्डर हातातला हातमोजा उलटासुलटा करत होता. म्हणाला, "पोरगी हल्ली जेवत नाही नीट. तिची आई म्हणते, वजन कमी करायचं खूळ आहे." मग एकदम ताईंकडे बघून, "तुमचं कोण आहे का त्या गटात?"

ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "माझी मुलगी."

"आणि तुमचा विश्वास आहे त्या बाईवर?"

"नाही," ताई म्हणाल्या. "मी दर बुधवारी खिडकीतून लक्ष ठेवते. तुमच्या वतीनेही ठेवीन. काही वावगं दिसलं तर पहिला फोन तुम्हाला."

यावर तो माणूस पहिल्यांदा हसला. "हे बरं आहे. कागद आणा."

सही करताना मात्र वेगळीच पंचाईत. सकाळपासून वेल्डिंगचा दांडा धरून त्याचा हात थरथरत होता. सही अशी वाकडीतिकडी आली, की ताई ती बघून चुकचुकल्या. "ही चालणार नाही. खोटी वाटते."

"अहो, माझीच आहे! तुमच्यासमोर केली!"

"मला माहीत आहे. पण कागदाला माहीत नाही ना. पुन्हा करा, एका दमात." तिसऱ्या कागदावर जमली.

सोमवारी त्यांनी प्राचार्यांना लिहून दिलं: आठ अर्ज तपासले, एक अपूर्ण होता, पालकांना समक्ष भेटून पूर्ण करून घेतला, सर्व सह्या खऱ्या आहेत. जुना अर्ज फाडला नाही. कागद फाडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या मुलीला खिडकीशी बोलावून तो तिच्या हातात दिला. म्हणाल्या, "वडिलांनी खरी सही दिली आहे. त्यांना घरी जाऊन सांग, की तू आधी काय केलं होतंस. मी सांगितलेलं नाही." ती मुलगी पांढरीफटक पडली, अर्जाची घडी वहीत सरकवली आणि निघून गेली. तिने घरी सांगितलं की नाही, ते मला ठाऊक नाही.

टकळीचं काय झालं, ते इतकं सरळ नव्हतं. त्याच आठवड्यात एका सकाळी डबे भरताना तीच म्हणाली, "आई, तुला कळलंय ना?"

"कशावरून म्हणतेस?"

"चार दिवस झाले, तू मला काहीच विचारलं नाहीस."

मग ताईंनी तिला आजीची गोष्ट सांगितली. त्यांना वाटलं होतं, मुलगी गळ्यात पडेल. ती भडकली. "म्हणजे असं होतं माणसाला, हे तुला माहीत होतं! आणि तू मला सांगितलंस आजी विषमज्वराने गेली. मला वाटत होतं, आपल्या घरात मी एकटीच अशी बिघडलेली आहे." तिने डबा तिथंच ठेवला आणि निघून गेली. आठ दिवस आईशी बोलली नाही. टकळी बंद. ताई ऑफिसात यायच्या, दाखले तपासायच्या, आणि एकदा मला म्हणाल्या, "बोलत होती तेव्हा बरी नव्हती. आता गप्प आहे. आता नक्की कशी आहे, हे मी कशावरून ठरवू गं?"

मी माझ्या कपातला अर्धा चहा त्यांना ओतून दिला.

त्या आठ दिवसांत एक बुधवार येऊन गेला. पाकिटाची गोष्ट समुपदेशक बाईंनी मुलांना स्वतःच सांगितली, शब्द मोडला गेला होता म्हणून. दोन मुलांनी यायचं सोडलं. त्यातला एक नंतर परत आला, दुसरा आला नाही. ही गोष्ट ताईंच्या मनाला लागून राहिली. त्या मुलाचं नाव त्या कधी घेत नसत, पण त्याची हजेरी रोज आधी बघायच्या.

टकळी मात्र जात राहिली. आमच्या कॉलेजच्या टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंना ऐकू कमी यायला लागलं होतं; त्यांना ओठ वाचायला शिकवण्याचं काम तिने घेतलं होतं. स्वतः आधी शिकायची, मग शिकवायची. दुपारच्या सुट्टीत दोघी एकमेकींसमोर तोंडं वेडीवाकडी करत बसायच्या आणि येणारा-जाणारा थबकायचा. कधी जमायचं, कधी त्या बाई वैतागून म्हणायच्या, मला कानाचं यंत्र आणून द्या आणि सोडा. त्या आठ दिवसांच्या शेवटी, सोमवारी, टकळी उठलीच नाही, कॉलेजला आलीच नाही. टेलिफोनवाल्या बाई दुपारी आमच्या ऑफिसात आल्या आणि ताईंना विचारू लागल्या, "कुठाय तुमची पोरगी? मी 'प' आणि 'व'मधला फरक पाठ करून आलेय." ताईंनी तिथूनच घरी फोन लावला आणि रिसीव्हर त्या बाईंच्या हातात दिला. मग लक्षात आलं, यांना फोनवर ऐकू येत नाही. तेव्हा ताईच मधे उभ्या राहून इकडचं तिकडे सांगत बसल्या. मायलेकींचं बोलणं त्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं, तेही 'प' आणि 'व'वरून.

बारा बुधवार झाले आणि गट संपला. आखूड केसांची मुलगी पास झाली, आता कुठंतरी दुसऱ्या शहरात शिकते. टकळी पुढे औषधंही घेत होती काही महिने. डॉक्टरांकडे ताई स्वतः घेऊन जायच्या आणि प्रत्येक गोळीचं नाव, गुण, दोष त्यांना विचारायच्या. डॉक्टर कंटाळून म्हणाले होते, पेशंट कोण आहे तुमच्यापैकी? समुपदेशक बाईंशी ताईंचं शेवटपर्यंत सख्य जमलं नाही. समोरासमोर आल्या की दोघी मान हलवायच्या, एवढंच. पण पुढच्या वर्षी दुसरा गट सुरू झाला, तेव्हा खोलीत चहाची किटली कमी पडते म्हणून ताईंनी ऑफिसातली मोठी किटली पाठवून दिली, आवक-जावक रजिस्टरात नोंद करून, सही घेऊन.

आता त्या निवृत्त झाल्या आहेत. टकळी नोकरीला लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणींबरोबर राहते. बोलते पुष्कळ, पण पूर्वीसारखं नाही, मधेच थांबते. कधीकधी सकाळी आईला फोन करून एवढंच म्हणते, "आज जड आहे."

गेल्या रविवारी ताई माझ्याकडे आल्या होत्या. गप्पा चालल्या असताना त्यांचा फोन वाजला. "हं... हं... बरं... जेवलीस का?... काय?... बरं." फोन ठेवला आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

"काय म्हणते?"

"बरी आहे म्हणाली."

"चांगलं आहे की मग."

"आवाज तरी बरा वाटला." चष्मा घातला, घड्याळ बघितलं, पिशवी उचलली. "पण चार वाजलेत. बस मिळेल. जाऊन बघूनच येते."